फूटबॉलपटू बिली मेरेडिथ

इंग्लंडच्या वायव्य भागात मँचेस्टर हे मोठे औद्योगिक शहर आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील गिरण्यांचे कापड जगभर जात असे. आपल्याकडील बाजारपेठांतही त्याचे गठ्ठे येऊन पडत. कापडाचा तो व्यापार आता राहिलेला नाही. मँचेस्टरचे दुसरे एक वैभव मात्र अद्याप टिकून आहे. ते म्हणजे तेथील फूटबॉल. या एकाच शहरात मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड असे दोन नामांकित संघ आहेत. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यामध्ये जशी चुरस आहे, तशीच या दोघांमध्येही आहे. शहर एकच, पण सामन्याच्या दिवशी तेथे एका घरातील दोन भाऊसुद्धा दोन बाजूंना वाटले जातात.

अशा हाडवैरी संघांपैकी एकाला सोडून दुसऱ्याकडून खेळणे ही साधी गोष्ट नव्हे. तरीही डेनिस लॉ, पीटर श्मायकेल, कार्लोस तेवेझ असे काही खेळाडू दोन्हीकडून खेळले. या परंपरेच्या अगदी आरंभी ज्यांचे नाव घ्यावे लागते, ते बिली मेरेडिथ होत. ते सिटीकडून युनायटेडकडे गेले, आणि पंधरा वर्षांनी युनायटेडकडून पुन्हा सिटीकडे परत आले. दोन्ही संघांच्या चाहत्यांनी त्यांना आपले मानले. त्यांच्या आयुष्यात कीर्ती होती, कलंक होता, आणि खेळाडूंच्या हक्कांसाठी दिलेला एक मोठा लढाही होता.

बिली मेरेडिथ यांचा जन्म ३० जुलै १८७४ रोजी ब्लॅक पार्क या खेड्यात झाला. वेल्स प्रांताच्या उत्तर भागात, इंग्लंडच्या सरहद्दीला लागून चर्क नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच ही कोळशाच्या खाणीभोवतीची वस्ती होती. घर धर्मनिष्ठ, मुलेबाळे पुष्कळ आणि मिळकत बेताची. त्या काळच्या रीतीप्रमाणे बारा वर्षांचा बिली खाणीत कामाला लागला. कोळशाची गाडी ओढणाऱ्या तट्टांना भुयारातून हाकीत नेणे हे त्याचे काम. ज्या वयात मुलांनी उन्हात हुंदडावे, त्या वयात या मुलाचा दिवस जमिनीखालच्या काळोखात जात असे.

चर्क गावाचे एक भाग्य मात्र असे, की तेथील शाळेचे शिक्षक टॉमस हे फूटबॉलचे मोठे भोक्ते होते. त्यांनी गावातील पोरांना खेळाची गोडी लावली, शिस्त लावली, आणि त्या लहानशा गावातून वेल्सच्या राष्ट्रीय संघात एकामागून एक खेळाडू गेले. बिलीचे थोरले भाऊही खेळत असत. खाणीतील काम आटोपल्यावर उरलेला वेळ बिली चेंडूच्या मागे धावण्यात घालवू लागला. विसाव्या वर्षाच्या आत तो गावच्या संघात चमकू लागला, आणि १८९४ साली चर्कने वेल्सचा चषक जिंकला तेव्हा त्या संघात तोही होता.

त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये एका संघाचे नाव बदलले. १८८० साली एका चर्चच्या आश्रयाने सुरू झालेला आणि पुढे आर्डविक या नावाने ओळखला जाणारा संघ कर्जाच्या ओझ्याखाली मोडकळीस आला होता. तो १८९४ मध्ये मँचेस्टर सिटी या नव्या नावाने उभा राहिला. नव्या संघाला नवे खेळाडू हवे होते. त्याचे अधिकारी चर्कला येऊन पोहोचले. बिलीच्या आईला हे मुळीच रुचले नाही. सुखाने घरी राहणाऱ्या मुलांना शहरातील लोकांनी येऊन फूस लावावी, याचा त्या माउलीला राग आला. खेळाला कोणी पोटाचा धंदा करावा, ही कल्पनाच तिला पटणारी नव्हती. शेवटी तडजोड झाली. बिली खाणीतील नोकरी न सोडता सिटीकडून खेळू लागला. सामन्यासाठी मँचेस्टरला जायचे, खेळायचे, आणि परत येऊन खाणीत उतरायचे, असा क्रम काही काळ चालू राहिला. खाणीतील काम पूर्णपणे सोडण्यास त्याने पुष्कळ वेळ घेतला. फूटबॉलवर पोट भरेल, असा भरवसा त्या दिवसांत कोणालाच नव्हता.

मेरेडिथ यांचा सिटीकडून पहिला सामना ऑक्टोबर १८९४ मध्ये न्यूकॅसल युनायटेडशी झाला. पुढच्याच आठवड्यात, ३ नोव्हेंबर रोजी, स्वतःच्या मैदानावर त्यांची गाठ न्यूटन हीथ या संघाशी पडली. न्यूटन हीथ हा रेल्वे कामगारांनी काढलेला संघ होता. १९०२ साली तोच मँचेस्टर युनायटेड झाला. म्हणजे लीग स्पर्धेत या दोन संघांचा जो पहिला सामना झाला, त्यात वीस वर्षांचे मेरेडिथ खेळले. सिटीला ५ विरुद्ध २ अशी हार पत्करावी लागली. पण सिटीचे ते दोन्ही गोल मेरेडिथ यांचे होते.

उजव्या बाजूने चढाई करणारा खेळाडू म्हणून मेरेडिथ यांची ख्याती झाली. शरीर सडपातळ, पाय किंचित फेंगडे, चेहरा गंभीर. बाजूच्या रेषेजवळून ते चेंडू असा काही नेत, की प्रतिस्पर्ध्याला तो आता आपल्या पायात आलाच असे वाटे, आणि नेमक्या त्याच क्षणी चेंडू निसटून पुढे गेलेला असे. टाचेने चेंडू मागे ढकलून अंगावर आलेल्याला चकविणे ही त्यांची हातखंडा युक्ती. मग एक तर ते गोलासमोर अचूक चेंडू टाकीत, किंवा आत वळून स्वतःच गोल करीत. लोक त्यांना वेल्सचा जादूगार म्हणू लागले. खेळताना त्यांच्या ओठांत नेहमी एक दातकोरणे असे. खाणकामगारांच्या सवयीप्रमाणे पूर्वी ते तंबाखू चघळीत. परंतु थुंकीचे डाग पडलेले सदरे धुण्यास धुणाऱ्यांनी नकार दिला, म्हणून तंबाखूच्या जागी दातकोरणे आले, असे सांगतात. व्यंगचित्रकारांना ही खूण आयतीच सापडली. दातकोरणे काढले, की चित्र कोणाचे ते सांगावे लागत नसे. दारूला मात्र ते शिवत नसत. दूरवर पायी फिरणे, गरम पाण्याने स्नान, स्नायूंना मालिश यांत त्यांनी कधी खंड पडू दिला नाही, आणि त्याचे फळ त्यांना पुढे मिळाले.

१८९९ साली सिटी वरच्या श्रेणीत गेली, मध्यंतरी एकदा खाली घसरली आणि पुन्हा वर आली. २३ एप्रिल १९०४ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर इंग्लिश चषकाचा अंतिम सामना सिटी आणि बोल्टन वाँडरर्स यांच्यात झाला. साठ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. सिटीचे कर्णधार होते मेरेडिथ. सामन्यात एकच गोल झाला, आणि तो त्यांनीच केला. मँचेस्टर शहरात तो चषक प्रथमच आला. एके काळचा खाणीतला पोरगा चषक घेऊन परतला, तेव्हा रस्त्यांत माणूस मावत नव्हते.

यानंतर सुमारे एका वर्षाने मेरेडिथ यांच्यावर आपत्ती कोसळली. आणि ती सर्वस्वी दैवाने आणली, असे म्हणता येणार नाही. १९०५ च्या एप्रिलमध्ये हंगामाच्या अखेरच्या दिवशी सिटीचा सामना ॲस्टन व्हिला संघाशी होता. लीगचे विजेतेपद त्यावर अवलंबून होते. सामन्यात मारामारी झाली, सिटी हरली, आणि पुढे चौकशी झाली. व्हिलाचे कर्णधार ॲलेक लीक यांना सामना सोडण्यासाठी मेरेडिथ यांनी १० पौंड देऊ केले, असा निष्कर्ष फूटबॉल असोसिएशनने काढला आणि त्यांच्यावर १९०६ च्या एप्रिलअखेरपर्यंत बंदी घातली. मेरेडिथ यांनी प्रथम हा आरोप नाकारला. बंदीच्या काळात त्यांनी सिटीकडे वेतन मागितले. संघाने ते नाकारले. तेव्हा मात्र त्यांनी तोंड उघडले. आपण जे केले ते संघाच्या व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून केले, असे ते म्हणू लागले. तसे असले तरी त्यांचा दोष त्यामुळे पुसला जात नाही. खेळात लाच देऊ करणे हे कोणाच्या आज्ञेवरून केले म्हणून क्षम्य ठरत नाही.

परंतु या भांडणातून दुसरीच एक गोष्ट उजेडात आली. १९०१ पासून इंग्लंडमध्ये असा नियम होता, की कोणत्याही खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांहून अधिक वेतन देऊ नये. हजारो प्रेक्षक तिकिटे काढून ज्यांना पाहावयास येत, त्यांच्या वाट्याला एवढेच यावे! अनेक संघ हा नियम गुपचूप मोडीत. सिटीही मोडीत होती. १९०६ च्या चौकशीत हे सिद्ध झाले, आणि असोसिएशनने सिटीच्या १७ आजीमाजी खेळाडूंना १ जानेवारी १९०७ पर्यंत खेळण्यास मनाई करून त्यांना सिटीकडून पुन्हा कधीही खेळता येणार नाही, असे ठरविले. व्यवस्थापक टॉम मॅली यांनाही इंग्लंडमधील फूटबॉलमधून काढून टाकण्यात आले. एका हंगामात चषक जिंकणारा संघ दोन वर्षांत उघड्यावर पडला.

इथेच शेजारच्या संघाने संधी साधली. युनायटेडचे चिटणीस अर्नेस्ट मँगनॉल हे धूर्त गृहस्थ होते. मेरेडिथ यांच्यावरील बंदी उठण्यापूर्वीच त्यांनी त्यांना युनायटेडकडे वळविले, आणि पुढे सँडी टर्नबुल, हर्बर्ट बर्जेस व जिमी बॅनिस्टर हे सिटीचे आणखी तीन खेळाडूही घेतले. १ जानेवारी १९०७ रोजी बंदी संपली आणि त्याच दिवशी मेरेडिथ युनायटेडच्या तांबड्या सदऱ्यात मैदानावर उतरले. समोर संघ होता तोच ॲस्टन व्हिला. मेरेडिथ यांनी उजवीकडून चेंडू टाकला, टर्नबुल यांनी गोल केला आणि युनायटेडने सामना १ विरुद्ध ० असा जिंकला. १९०८ मध्ये युनायटेडने लीगचे पहिले विजेतेपद मिळविले, १९०९ मध्ये इंग्लिश चषक जिंकला, १९११ मध्ये पुन्हा लीग जिंकली. दोन्ही शेजाऱ्यांची पहिली मोठी यशे अशा रीतीने एकाच माणसाच्या पायांशी जोडली गेली. याच १९११ च्या जुलै महिन्यात मोहन बागानच्या खेळाडूंनी, त्यांतील बहुतेक अनवाणी, कलकत्त्यात गोऱ्या सैनिकांच्या संघाला हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली, हे येथे सहज आठवते.

युनायटेडमधील दिवसांत मेरेडिथ यांनी जे केले, ते मात्र चषकांहूनही मोठे होते. १९०२ साली सिटीतील त्यांचे वेल्सचे सोबती डाय जोन्स यांच्या गुडघ्यात सरावाच्या सामन्यात काच शिरली आणि जखम चिघळून ते मरण पावले. १९०७ साली युनायटेडचे टॉमस ब्लॅकस्टॉक हे डोक्याने चेंडू मारल्यावर मैदानावरच कोसळले आणि त्यांचाही अंत झाला. दोघांच्याही कुटुंबांना भरपाई म्हणून काही मिळाले नाही. गिरणीत वा खाणीत कामगार मेला, तर मालकाला काही देणे भाग पडे. फूटबॉल हे काम नव्हे, सबब खेळाडू हा कामगार नव्हे, असा युक्तिवाद केला जाई. शिवाय एका संघाने नाव नोंदविलेला खेळाडू, करार संपला तरी त्या संघाच्या परवानगीवाचून दुसरीकडे जाऊ शकत नसे. खाणीतून आलेल्या मेरेडिथ यांना कामगारांच्या संघटना ठाऊक होत्या. खाणमजुराला जे मिळते, ते खेळाडूला का मिळू नये, असा साधा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला.

२ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची सभा भरली. अध्यक्षस्थानी मेरेडिथ होते. तेथे खेळाडूंची संघटना स्थापन झाली. त्यांचे सहकारी, युनायटेडचे कर्णधार चार्ली रॉबर्ट्स, हे या कामी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आरंभी अधिकाऱ्यांनी संघटनेकडे सौम्य दृष्टीने पाहिले. पण ती इतर कामगार संघटनांशी हातमिळवणी करू लागताच त्यांची मर्जी फिरली. १९०९ च्या उन्हाळ्यात फूटबॉल असोसिएशनने हुकूम काढला, की १ जुलैपर्यंत जे खेळाडू संघटना सोडणार नाहीत, त्यांची नोंदणी रद्द होईल. ठिकठिकाणचे खेळाडू घाबरून बाहेर पडू लागले. त्यांना दोष देता येत नाही. घरी बायकामुले होती आणि पगार बंद होणार होता. युनायटेडचे खेळाडू मात्र हलले नाहीत. नुकताच चषक जिंकलेला हा संघ एका रात्रीत बेकार झाला. त्यांना संघाच्या मैदानाची बंदी झाली, तेव्हा ते फॅलोफील्ड येथील दुसऱ्या मैदानावर सराव करू लागले. एव्हर्टन संघाचे टिम कोलमन त्यांना येऊन मिळाले. एके दिवशी छायाचित्र काढण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी एका फलकावर आपल्या संघाचे नवे नाव लिहून तो पुढे ठेवला: बहिष्कृतांचा फूटबॉल संघ. ते छायाचित्र आजही उपलब्ध आहे.

नवा हंगाम १ सप्टेंबरला सुरू व्हावयाचा होता. खेळाडूच नाहीत तर सामने कसे होणार, या चिंतेने अखेर असोसिएशनने ३१ ऑगस्टला माघार घेतली आणि संघटनेला मान्यता दिली. विजय मात्र अर्धाच होता. वेतनाची मर्यादा कायम राहिली, दुसऱ्या संघात जाण्याचे स्वातंत्र्य मिळाले नाही, आणि इतर कामगार संघटनांशी असलेले नातेही पुढे तोडावे लागले. मेरेडिथ यांना ही तडजोड आवडली नाही, आणि वृत्तपत्रांतील लेखांतून त्यांनी आपली नाराजी स्पष्टपणे मांडली. याच सुमारास त्यांचे क्रीडासाहित्याचे दुकान आगीत जळाले व त्यांच्यावर दिवाळखोरीची पाळी आली.

वेल्सच्या राष्ट्रीय संघाकडून ते १८९५ पासून खेळत होते. इंग्लंडमधील संघ आपल्या खेळाडूंना सोडण्यास नाखूष असत. त्यामुळे निवड होऊनही त्यांना कित्येक सामने गमवावे लागले. तरीही ते वेल्ससाठी ४८ सामने खेळले आणि त्यांत त्यांनी ११ गोल केले. १९०७ साली वेल्सने ब्रिटनमधील चार संघांची स्पर्धा प्रथमच जिंकली, तेव्हा ते संघात होते. इंग्लंडला हरविण्याची इच्छा मात्र पुरी होईना. वर्षामागून वर्षे गेली, पहिले महायुद्ध आले आणि लीग बंद पडली. त्यांच्या चेंडूवर गोल करणारे टर्नबुल १९१७ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर मारले गेले. युद्ध संपल्यावर, १५ मार्च १९२० रोजी लंडनच्या हायबरी मैदानावर वेल्सने इंग्लंडला २ विरुद्ध १ असे हरविले. मेरेडिथ त्या वेळी ४५ वर्षांचे होते. अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यात इंग्लंडवर विजय पाहण्यासाठी त्यांना पंचवीस वर्षे थांबावे लागले होते. सामन्यानंतर त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. वेल्ससाठी तो त्यांचा शेवटचा सामना ठरला.

युनायटेडकडून त्यांनी ३३५ सामने खेळले. तेथेही शेवट गोड झाला नाही. संघाने आपल्याला पैसे न घेता मुक्त करावे, अशी त्यांची मागणी होती. स्वतःची खरेदीविक्री व्हावी, हे त्यांना पहिल्यापासून मान्यच नव्हते. १९२१ साली ती मागणी पुरी झाली आणि ते सिटीत परतले. तेथे त्यांना घेणारे व्यवस्थापक होते मँगनॉल! त्यांनीच पूर्वी त्यांना सिटीपासून युनायटेडकडे नेले होते. १९१२ मध्ये स्वतः मँगनॉलही सिटीकडे आले होते. आता मेरेडिथ तरुणांना शिकवीत आणि मधूनमधून खेळत. १९२४ च्या चषक स्पर्धेत सिटीने पन्नाशीला टेकलेल्या या गृहस्थांना पुन्हा मैदानात उतरविले. लोकांनी प्रथम डोळे विस्फारले. पण ब्रायटन संघाविरुद्ध त्यांनी गोल केला आणि सिटी उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. २९ मार्च १९२४ रोजी बर्मिंगहॅम येथे त्यांचा अखेरचा सामना झाला. त्या वेळी त्यांचे वय ४९ वर्षे ८ महिन्यांच्या घरात होते. सिटी २ विरुद्ध ० अशी हरली. प्रतिस्पर्धी होता न्यूकॅसल युनायटेड. तीस वर्षांपूर्वी सिटीकडून त्यांनी पहिला सामना खेळला, तो याच संघाशी.

यानंतरचे आयुष्य शांततेत गेले. त्यांनी मँचेस्टरमध्ये एक खानावळवजा मद्यगृह चालविले. स्वतः दारू न पिणाऱ्या माणसाने हा व्यवसाय करावा, याचे अनेकांना नवल वाटे. १९२६ च्या एका मूकपटातही ते दिसले. त्यांची एक मुलगी सिटीचे खेळाडू चार्ली प्रिंगल यांना दिली होती. म्हातारपणी हाती पैसा फारसा नव्हता. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथील विमान अपघातात युनायटेडचे आठ खेळाडू मृत्युमुखी पडले. त्यांच्यासोबत वार्ताहर म्हणून गेलेले सिटीचे जुने गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट हेही गेले. सारे मँचेस्टर त्या शोकात बुडालेले असतानाच, १९ एप्रिल १९५८ रोजी, ८३ वर्षांचे मेरेडिथ वारले. त्यांच्या निधनाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

खेळाडूंच्या वेतनावरील मर्यादा त्यानंतर तीन वर्षांनी, १९६१ मध्ये उठली. शहराच्या दक्षिणेकडील स्मशानभूमीत मेरेडिथ यांच्या दफनस्थानावर पुढे कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता. २००१ साली तेथे शिळा बसविण्यात आली. तिचा खर्च वेल्सच्या फूटबॉल असोसिएशनने, मँचेस्टर सिटीने, मँचेस्टर युनायटेडने आणि त्यांनी उभारलेल्या खेळाडूंच्या संघटनेने मिळून केला.